हजेरीतलं पहिलं नाव

धर्मपाल रामटेके या माणसावर मी पहिल्या भेटीतच संशय घेतला, आणि तो उगाच घेतला असं मला आजही वाटत नाही.

संशय घेणं हेच माझं काम आहे. सिडनीत ब्लॅकटाउन स्टेशनसमोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर अतुलचं मायग्रेशनचं ऑफिस आहे. अतुल परवानाधारक एजंट, आणि मी, मंजिरी, त्याच्या फायली तयार करते. कागद इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे जाण्याआधी त्याचा वाईटात वाईट अर्थ लावून बघायचा, हे अकरा वर्षं करतेय. मी काही अतुलची नोकर नाही. माझा स्वतःचा एबीएन आहे, म्हणजे इथला धंद्याचा नंबर, आणि दर महिन्याला मी त्याला रीतसर इनव्हॉइस पाठवते. स्वतंत्र कन्सल्टंट. त्यामुळे धंदा कशाला म्हणतात हे मला कुणी शिकवायला नको.

बिझनेस व्हिसाच्या फाइलला तर मी दहा वेळा उलटसुलट बघते, कारण तिथे पाणी मुरतंच. पाटीवर मालक म्हणून नाव, आणि प्रत्यक्षात गडी दुसऱ्याच्या गोडाउनात आठ तास राबतोय, असे किती बघितले. नियमाचं म्हणणं साधं आहे. धंदा तुझा हवा, कारभार तू चालवायला हवा, आणि दुसऱ्याकडच्या नोकरीलाच धंद्याचा कोट चढवलेला नको. धंदा दुरुस्तीबिरुस्तीचा असेल तर मालकाचा वेळ पाना फिरवण्यात कमी आणि कारभार बघण्यात जास्त जातो का, हेही तपासतात. यासाठी मी एक प्रश्न राखून ठेवलाय. सगळे कागद बघून झाले की चहाचा कप पुढे सरकवताना सहज विचारायचा, "तुम्हाला रजा हवी असली तर कोणाला विचारता?" मालक माणूस यावर हसतो. नोकर माणूस नाव सांगतो.

रामटेक्यांनी नाव सांगितलं.

"रॉनला सांगतो जी," ते म्हणाले. "त्याला आधी सांगावं लागते. नाहीतर त्याची कोल्डरूम बंद पडली तर?"

हे २०२१च्या मे महिन्यातलं. त्यांचा आधीचा एजंट करोनात दुकान बंद करून गेला, म्हणून त्यांची फाइल आमच्याकडे आली होती. बावन्न वर्षांचे, बुटके, शर्टाची इस्त्री कडक, आणि त्यावर कामगार घालतात तसलं भडक केशरी व्हेस्ट. व्हेस्टच्या पाठीवर त्यांच्या कंपनीचं नव्हे तर रॉनच्या फ्रोझन फूडच्या वेअरहाउसचं नाव. मी मनात म्हटलं, झालं, आपणच आपली पाटी पाठीवर घेऊन आलाय हा बाबा.

कहाणी त्यांनी सांगितली ती अशी. नागपुरात संत्र्यांच्या कोल्ड स्टोरेजची यंत्रं बसवायची आणि दुरुस्त करायची, असा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. अठरा माणसं हाताखाली. २०१६ साली तात्पुरत्या बिझनेस व्हिसावर बायको सुशीला आणि मुलगी प्रतीक्षा यांना घेऊन सिडनीला आले, इथेही तोच धंदा उभा केला, तीन माणसं ठेवली. रॉनचं वेअरहाउस, दोन मोठी रेस्टॉरंटं, अशी तीन गिऱ्हाइकं. पर्मनंटचा अर्ज २०१९ साली टाकला. मग लॉकडाउन आले, रेस्टॉरंटं बंद पडली, आणि राहिला एकटा रॉन. एकच गिऱ्हाईक, त्याचंच व्हेस्ट, त्यालाच विचारून रजा. शितावरून भाताची परीक्षा करायला आणखी काय लागतं?

खरं सांगायचं तर माझ्या संशयात आणखीही काहीतरी मिसळलेलं होतं. ते फोनवर आधी जयभीम म्हणायचे आणि मी "हं, बोला" म्हणायचे. इंजिनिअर नाही, इंग्रजी मोडकं, आणि म्हणे अठरा माणसांचे मालक. कॅसल हिलच्या सुखवस्तू वस्तीतला कुणी आयटीवाला हेच बोलला असता तर मी इतकं खोदलं असतं का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पडायला हवा होता.

सप्टेंबर सुरू होता होता इमिग्रेशनचं पत्र आलं. तोवर सगळं पश्चिम सिडनी घरात कोंडलेलं. डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर, कामावर जायचं तर खिशात परमिट, अकरा वाजले की टीव्हीवर रुग्णांचे आकडे. मी गिरावीनला, माझ्या घरातून अतुलच्या लॅपटॉपवर काम करत होते. अतुल कॅसल हिलला. तिकडे नियम जरा सैल, त्यामुळे त्याचा सूरही सैल. पत्रात लिहिलं होतं: सध्या तुमचा धंदा एकाच गिऱ्हाइकाकडे चालतो असं दिसतं. तुम्ही त्यांचे कामगार नसून स्वतःचा धंदा चालवता, हे दाखवणारा पुरावा अठ्ठावीस दिवसांत द्या.

मी रामटेक्यांना फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "हे जमलं नाही तर अर्ज गेला. मग तिघांनाही परत जावं लागेल."

मग ते म्हणाले, "पोरगी एचएससीचा अभ्यास करून राहिली ताई. तिला नर्सिंगला जायचं आहे. तिला आत्ता काही सांगत नाही."

मागून प्रतीक्षाचाच आवाज आला. "Papa, who is it?"

"कोणी नाही बेटा, ऑफिसचा फोन आहे," ते म्हणाले, आणि मग मला हळूच, "माझ्याजवळ पक्का पुरावा आहे ताई. उद्या सकाळी शिफ्टला जाता जाता आणून देतो."

पक्का पुरावा आहे असं जो म्हणतो त्याचा पुरावा मी दोनदा बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकाशी एक पिशवी ठेवून मागे फुटपाथवर जाऊन उभे राहिले, मास्कवरून हात जोडले आणि गेले. पिशवीवर एक चिठ्ठी टाचलेली, आणि आत लांबुडकं, लाल कापडी पाठीचं, नागपूरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं तसलं हजेरीचं रजिस्टर होतं. सिडनीत! त्याला दोऱ्याने एक बॉलपेन बांधलेलं. सगळ्या नोंदी एकाच निळ्या शाईत. एका बैठकीत लिहिलेलं असावं, असा पहिला विचार माझ्या मनात आला. मग दोऱ्याकडे लक्ष गेलं आणि शाईपुरता तरी संशय मागे घेतला.

पण आतलं बघून मी कपाळावर हात मारला. रोज पहिली ओळ धर्मपाल रामटेके. आल्याची वेळ सहा, गेल्याची वेळ साडेचार, केलेलं काम, सही. त्याखाली त्यांची तीन माणसं, चंद्रहास आणि आणखी दोघे, त्यांच्याही तशाच सह्या. हा माणूस मालक असल्याचा पुरावा म्हणून स्वतः कामावर हजर असल्याच्या सह्या घेऊन आला होता. ऑगस्टमध्ये तर दोन आठवडे रोज फक्त कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसर. कुणाही अधिकाऱ्याने हे बघून म्हटलं असतं, वा, काय प्रामाणिक नोकर आहे!

मी अतुलला फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन.

"हे लावूच नको मंजिरीताई. He's killing himself. एक नवीन रोस्टर टाइप करून घे, त्यात बाकीच्या तिघांची नावं टाक, याचं नाव नको. वर हेडिंग दे, मॅनेजमेंट."

"खोटं रोस्टर बनवू?"

"खोटं कुठे? प्रेझेंटेबल. आणि हो, बाकीच्या दोन फायली या वीकएंडला संपव ना, प्लीज. जमेल ना?"

जमेल, मी म्हटलं. मला नेहमी जमतं. एप्रिलात पुण्याला माझा दादा करोनाने गेला, तेव्हा मी अतुलकडे दोन दिवस मागितले होते. तो म्हणाला, "अगं, तू कॉन्ट्रॅक्टर आहेस, तुला कसली रजा? फक्त फायली वेळेत जाऊ देत." दादाला व्हिडिओवर शेवटचं बघितलं आणि त्याच दुपारी एका कुटुंबाचा अर्ज पाठवला. एकही चूक नव्हती त्यात. माझ्या कामाचा मला अभिमान आहे.

नवीन रोस्टर मी काही बनवलं नाही. खोट्याच्या मी विरोधात आहे, एवढंच नाही. मला त्या रजिस्टरच्या मागे काय आहे ते शोधून काढायचं होतं. रॉनच्या वेअरहाउसमध्ये करोनामुळे फाटकावर प्रत्येकाची नोंद ठेवत. मी रामटेक्यांची संमती घेऊन रॉनकडून ऑगस्टची यादी मागवली आणि रजिस्टरशेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघितली. दुपारपर्यंत सगळं जुळत गेलं, आणि मला, लाज वाटते सांगायला, थोडं वाईटच वाटत होतं. मग सोळा ऑगस्ट आला.

फाटकाच्या यादीत सोळा ते एकोणतीस ऑगस्ट या दोन आठवड्यांत चंद्रहास एकदाही आलेला नाही. रजिस्टरमध्ये मात्र तो कामाच्या प्रत्येक दिवशी हजर. सही आहे. मी भिंग घेतलं. चंद्रहासच्या खऱ्या सहीतला 'च' उभट आणि तिरका, तर या दोन आठवड्यांतला गोल गरगरीत. असा गोल 'च' मी पिशवीवरच्या चिठ्ठीत पाहिला होता. 'चहा झाला की फोन करा ताई.' खाली सही धर्मपाल रामटेके.

सापडला! माझ्या अंगातून एक लहर गेली. मग लगेच पुढचं दिसलं: खोटा कागद दिला असं ठरलं तर हा अर्ज तर जातोच, पुढची काही वर्षं दुसराही करता येत नाही. मी फोन करून एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी या. चंद्रहासच्या सह्यांबद्दल बोलायचंय."

ते आले. मी पायरीवर, ते फाटकाबाहेर गवतावर. मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांना झोप नव्हती.

"त्या सह्या तुम्ही केल्यात," मी म्हटलं.

"हो जी."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. "का?"

"त्याची बायको म्हाताऱ्या लोकांच्या एज्ड केअरमध्ये कामाला आहे. तिला करोना झाला, मग त्याला झाला. दोन आठवडे घरात बंद. जुलैमध्ये त्याचं पाठीचं दुखणं झालं होतं, तेव्हाच त्याची आजारपणाची रजा संपून गेली होती. गैरहजर लिहिलं असतं तर पगार कापावा लागला असता. घरात दोन लहान लेकरं. म्हणून मी हजर लावली, आणि त्याचं काम मी केलं. कॉम्प्रेसर त्याचाच असते. मी तर एरवी कोटेशन आणि गिऱ्हाइकं पाहतो."

म्हणजे त्या कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरचा अर्थ हा होता. तरी माझा आवाज खाली आला नाही. "पण हे रजिस्टर ठेवायचंच कशाला? आणि त्यात पहिली सही स्वतःची कशाला? कोणता मालक हजेरी लावतो?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील कन्हानजवळच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं होते. ठेकेदाराचा माणूस म्हणून. काम कारखान्याचं, भोंगा कारखान्याचा, शिव्या कारखान्याच्या सुपरवायझरच्या. एक दिवस यंत्राच्या पट्ट्यात हात गेला. कारखाना म्हणाला, आमच्या हजेरीपटावर याचं नाव नाही. ठेकेदार म्हणाला, काम तर कारखान्याचं होतं. एकवीस वर्षांनी कळलं की ते कुणाचेच नव्हते.

"बाबा सांगायचे, माणसाचं नाव कागदावर पाहिजे. म्हणून मी धंदा काढला तेव्हा पहिलं रजिस्टर आणलं. आणि पहिलं नाव माझं. मला जी वेळ, ती सगळ्यांना. तिथे एक मुकादम होता, बाबांना ताप आला की गुपचूप हजर लावून द्यायचा. मालकाला समजू द्यायचा नाही. मीही तसंच केलं."

"कोणाला समजू द्यायचं नव्हतं?" मी विचारलं.

"अं?"

"अहो रामटेके, मालकाला समजू नये म्हणून तुम्ही हजर लावलीत. पण मालक तुम्हीच ना? मग तुम्ही फसवत कोणाला होतात?"

मास्कवरचे डोळे आधी बारीक झाले, मग मोठे. आणि मग तो माणूस माझ्या फाटकाला धरून इतका हसला, इतका हसला की हसता हसता त्याने डोळ्यांवर मनगट दाबून धरलं आणि ते बराच वेळ काढलं नाही.

मलाही रडू आलं. रागसुद्धा आला, स्वतःचा. पंचवीस वर्षं माणसं पदरी ठेवणारा हा माणूस; त्याच्या धंद्याच्या नावात काही खोट नव्हती. तो मनातून अजून हजेरीपटाबाहेर उभा होता, एवढंच. आणि मी त्याच्या पाठीवरचं व्हेस्ट वाचत बसले होते.

"रजा संपली असली तरी तुम्ही जास्तीची देऊ शकता," मी सांगितलं. "कुणाला विचारायचं नाही, कुणापासून लपवायचं नाही. तुम्ही म्हणाल तेवढी. नोकराला हे करता येत नाही. आणि अधिकाऱ्याला हेच बघायचंय."

मी रजिस्टर फाटकाच्या खांबावर ठेवून मागे सरले. जुन्या सह्या वाचता येतील अशा बेताने फक्त एक रेघ मारायची, शेजारी खरं काय ते लिहायचं, आजची तारीख टाकायची, असं सांगितलं. दोऱ्याच्या त्याच पेनाने त्यांनी दहा वेळा लिहिलं: आजारी. पगारी रजा. मंजूर. खाली सही.

"हुद्दा लिहा."

पेन थांबलं. इतक्या वर्षांत त्या रजिस्टरमध्ये हुद्दा कुणी लिहिलाच नव्हता. मग गोल गरगरीत अक्षरात त्यांनी लिहिलं, मालक. आणि शाई वाळेपर्यंत पान हाताने धरून ठेवलं.

सगळं खरं खरं लिहून निवेदन पाठवायचं मी ठरवलं. सह्या खोट्या होत्या, का होत्या, कधी दुरुस्त केल्या, आणि त्या दोन आठवड्यांत मालक कॉम्प्रेसरवर का होता. रजिस्टर बगलेत मारून ते निघाले, आणि दोन पावलं जाऊन थांबले.

"ताई, तुम्ही पण एखादा दिवस घ्या जी. रात्रंदिवस आमच्या फायली. दमलेल्या दिसता."

"आता कुठली रजा," मी म्हटलं.

"का? तुमची रजा कोण मंजूर करते?"

"अतुलला विचारा—" माझ्या तोंडून गेलं.

ते हात जोडून गेले. मी पायरीवर तशीच बसले. लॅपटॉप अतुलचा. वेळ अतुलची. गिऱ्हाईक एकच, अतुल. अकरा वर्षं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, असं आमची आई शेजारणीबद्दल म्हणायची. दादाच्या त्या दुपारी मी कुणाच्या तरी अर्जातली पानं मोजत होते, हे आठवलं, आणि त्या दिवशी जे रडायचं राहिलं होतं ते मी तिथे बसून रडले.

निवेदन गेलं. अतुल म्हणाला, तू फाइल बुडवलीस. नोव्हेंबरात रामटेक्यांना अधिकाऱ्याचा फोन आला, दुभाष्याला घेऊन. दहा मिनिटांपैकी सात मिनिटं तो त्या दोन आठवड्यांबद्दलच विचारत होता. माझ्या संशयी मनाने तेव्हाच सांगितलं, गेलं. फेब्रुवारी २०२२मध्ये तिघांचाही व्हिसा मंजूर झाला.

रामटेके सुशीलाताईंना घेऊन ऑफिसात आले. सुशीलाताईंनी घरी केलेली संत्रा बर्फी आणली होती. प्रतीक्षाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, ती पहिल्या दिवसाला गेली होती. रामटेक्यांनी विचारलं, "ताई, तुम्हाला काय देऊ?"

"जयभीम," मी म्हटलं, आधी, या वेळी मीच. "नागपूरहून आणलेलं एखादं कोरं रजिस्टर शिल्लक आहे का?"

सोमवारी अतुल दहा वाजता कॅसल हिलहून आला. माझ्या टेबलावर लाल पाठीचं रजिस्टर उघडं होतं, दोऱ्याने पेन बांधलेलं.

"हे काय, मंजिरीताई?"

"हजेरी. पहिलं नाव माझं, आठ चाळीस. दुसऱ्या ओळीत तुझं लिहिलंय, सही कर." मी पान उलटलं. "आणि इथे मागल्या एप्रिलचे दोन दिवस आहेत, दादाचे. रजा, असं लिहिलंय. मंजूर कोणी करायची ते तू सांग. मी मालक असेन तर मी करते. तू असशील तर तू कर."

अतुल बराच वेळ खिसे चाचपून पेन शोधत राहिला. पेन समोरच होतं, दोऱ्याला बांधलेलं.